सहावं कार्ड

१

दर शनिवारी दुपारी चारला शिफारसबाई वाचनालयात येत, आणि त्या आल्या की वाचनकक्षातल्या मंडळींना घड्याळ बघायची गरज उरत नसे. दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला एक आखूड फळी होती. तिच्यावर पाच पुस्तकं उभी करायची, प्रत्येकाला पत्र्याच्या चिमट्याने एक कार्ड लावायचं आणि कार्डावर जांभळ्या शाईत चार ओळी लिहायच्या, की हे पुस्तक का वाचावं. काम एवढंच. पण बाई ते अशा थाटात करत की बघणाऱ्याला वाटावं, इथे एखाद्या पुलाची पायाभरणी चालली आहे.

त्यांचं खरं नाव सभासदांच्या नोंदवहीत होतं आणि तिथेच राहिलं होतं. छापखान्यात चौतीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली. चौतीस वर्षं दुसऱ्याच्या चुका काढल्यावर माणसाचं जे होतं तेच त्यांचं झालं होतं, म्हणजे नाकावर राग आणि जिभेवर दुरुस्ती. निवृत्त झाल्यावर ही फळी त्यांनी भांडून मागून घेतली आणि दोन नियम केले. पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय शिफारस करायची नाही, आणि शेवट सांगायचा नाही. दुसरा नियम मोडणाऱ्याला महिनाभर फळीवरचं पुस्तक मिळत नसे. एका वकिलाने रहस्यकथेतला खुनी कोण ते जिन्यात बोलून टाकलं, तर बाईंनी त्याला सगळ्यांदेखत असं फैलावर घेतलं की बिचारा पुढची दोन वर्षं नुसती वर्तमानपत्रं चाळत बसला.

"शेवट सांगणारा आणि खिसेकापू, दोघांना एकाच कोठडीत टाकावं," असं त्या म्हणत, आणि मनापासून म्हणत.

घरी धाकटी होती. पाय अधू झाल्यापासून, गेली अकरा वर्षं, ही बहीण ताईकडेच राहत होती. चाकांच्या खुर्चीतून घरभर फिरे, बाहेर क्वचित. तिच्या हाती पडणारं प्रत्येक पुस्तक ताईने आधी वाचलेलं असे. धाकटी पुस्तकाचं नावसुद्धा बघत नसे. ताईने दिलंय ना, मग वाचायचं. बाईंना साऱ्या सभासदांच्या कौतुकापेक्षा हा विश्वास मोठा होता, आणि त्याला तडा जाईल असं त्यांनी कधी काही केलं नव्हतं.

त्या शनिवारी फळी रिकामी असायला हवी होती, कारण गेल्या आठवड्याची पाचही पुस्तकं लोकांनी नेली होती. बाईंनी पिशवीतून नवी पाच काढून एकेक करून उभी केली. मग त्या दोन पावलं मागे सरल्या आणि सवयीने पुस्तकं मोजली. सहा होती.

२

सहावं पुस्तक बारीक होतं. तपकिरी कापडात नव्याने बांधलेलं, आणि बांधणाऱ्याने पहिलं पान कुठे तरी हरवलेलं, म्हणजे नाव नाही, गाव नाही. त्याला पत्र्याच्या चिमट्याने कार्ड लावलेलं होतं. जांभळी शाई. बाईंचं अक्षर.

"हे पुस्तक हातात घ्याल तर संपवूनच उठाल. घरात आणखी कोणी असेल तर दार आतून लावून वाचा. शेवटाबद्दल मला क्षमा करा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कार्ड उपटून त्यांनी ते ग्रंथपालांच्या टेबलावर आदळलं. ग्रंथपाल मऊ स्वभावाचा माणूस होता. उत्तर द्यायच्या आधी चष्मा पुसायची त्याला सवय होती, आणि अडचणीचा प्रश्न असला की तो दोन्ही काचा दोन्ही बाजूंनी पुसत असे.

"हा काय प्रकार आहे? माझं अक्षर गिरवायची हिंमत कोणाची झाली?"

ग्रंथपालांनी कार्ड उजेडाकडे धरलं. "बाई, गिरवलेलं वाटत नाही हो. तुम्हीच लिहून विसरला असाल."

"मी विसरले असेन? चौतीस वर्षांत मी एक वेलांटी विसरले नाही! आणि मी क्षमा मागेन, तीही वाचकांची? चोरी ती चोरी, वर माझ्या नावाने माफीनामा! उद्या माझ्या नावाने कोणी मृत्युपत्र करील आणि तुम्ही असेच काचा पुसत बसाल."

एवढ्यात फळीपाशी दातांचे डॉक्टर आले. टेबलावरचं कार्ड त्यांनी उचललं, मोठ्याने वाचलं आणि पुन्हा एकदा हळू वाचलं. हे डॉक्टर गेली सहा वर्षं बाईंच्या कार्डांना नावं ठेवत आले होते. तुमची शिफारस म्हणजे शाळेची सूचना वाटते, असं त्यांनी एकदा तोंडावर सांगितलं होतं, आणि ते वाक्य बाई विसरल्या नव्हत्या.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "आज मानलं तुम्हाला. तीन ओळी, पण काय लिहिलंय! तुमचंच ना हे?"

वाचनकक्षातली सातआठ डोकी वर झाली. कोणी तरी मान डोलावली. बाईंनी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. पण सहा वर्षं ज्या शाबासकीची वाट बघितली ती समोर उभी होती, आणि तिच्या तोंडावर दार लावणं त्यांना जमलं नाही.

"माझंच," त्या म्हणाल्या. "सुचलं तसं लिहिलं."

"आणि पुस्तक खरंच एवढं चांगलं आहे?"

"वाचल्याशिवाय मी कधी लिहिते का?"

ग्रंथपालांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. डॉक्टर कार्ड पुन्हा पुस्तकाला लावून ते घेऊन गेले. दुसऱ्याचं अर्धं वाक्य आपल्या नावावर खपवणाऱ्याला जन्मभर चोर म्हणणारी ही बाई एक अख्खं पुस्तक न वाचता वाचलं म्हणून मोकळी झाली. घरी जाताना त्यांनी स्वतःची समजूत घातली की डॉक्टरांनी परत आणलं की एका बैठकीत वाचून टाकू, म्हणजे खोट्याचं खरं होईल. समजूत घालायला माणसाला स्वतःइतकं सोयीचं गिऱ्हाईक दुसरं मिळत नाही.

३

डॉक्टर मंगळवारी आले. बाई सकाळपासून दबा धरून बसल्या होत्या.

"कसं वाटलं?"

डॉक्टरांनी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. डाव्या हाताकडे बघितलं.

"अजून बांधलेला नाही," ते म्हणाले. "बरंय."

"काय बांधलेलं नाही?"

"असं काय करता? तुम्ही वाचलंय ना."

"हो, वाचलंय तर," बाई म्हणाल्या. घाईत म्हणाल्या.

"शेवटी तुम्ही येता ना, तिथे मी पुस्तक..." डॉक्टरांनी झटकन ओठ मिटले. "माफ करा. नियम."

आयुष्यात पहिल्यांदा बाईंना वाटलं की एखाद्याने तो नियम मोडावा. मोडावा कसला, पायदळी तुडवावा. पण त्यासाठी मी वाचलेलं नाही हे सांगायला हवं होतं, आणि धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली. त्या नुसत्या जाणकारासारख्या हसल्या.

आठवड्याला दोन पुस्तकं नेणारे डॉक्टर त्या दिवशी रिकाम्या हाताने निघाले. "आता काय वाचणार?" असं म्हणाले आणि दारातून बाहेर पडताना भिंतीला पाठ लावून, बाईंकडे तोंड करून गेले.

बाईंनी विचार केला. त्या विचार करणाऱ्या बाई होत्या. पुस्तकात एखादी खवट म्हातारी असणार, तिला हाताला लागत असणार, आणि डॉक्टर त्यावरून थट्टा करत असणार. सहा वर्षं टिंगल करणारा माणूस एका पुस्तकाने सुधारत नाही. हे पटण्यासारखं होतं. तरी घरी पोचेपर्यंत त्यांनी डावा हात दोनदा उलटसुलट करून बघितला, आणि दोन्ही वेळा स्वतःवरच चिडल्या.

४

पुस्तक त्यांच्या हाती लागेना. डॉक्टरांनी टेबलावर ठेवलं त्याच मिनिटाला दुसऱ्याने नेलं, आणि तोवर मागणीच्या वहीत बारा नावं लागली होती.

"मला एक दिवस द्या," बाई ग्रंथपालांना म्हणाल्या. "नजर फिरवायची आहे."

"क्रमाने जायचं, हे तुम्हीच लावलंय ना बाई? आणि तुमचं तर वाचून झालंय."

"पुन्हा वाचायचं आहे!"

"मग तर घाई नाही." ग्रंथपालांनी तेरावं नाव लिहून घेतलं. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून बाई जास्तच संतापल्या. स्वतः लावलेल्या नियमाने स्वतःचीच वाट अडावी आणि तक्रार करायला तोंड राहू नये, याच्याइतका अन्याय जगात नाही.

वाचणारे वाढत गेले तसा वाचनकक्ष बदलला. तिथे पूर्वी भांडणं असत, पंख्यावरून, खिडकीवरून, वर्तमानपत्राचं मधलं पान कोणी पळवलं यावरून. आता बाई आत शिरल्या की कागदाचा आवाजसुद्धा थांबे. ज्यांनी ते वाचलं होतं ते एकेक करून खुर्ची फिरवत, म्हणजे पाठ भिंतीला आणि तोंड बाईंकडे. मग त्यांची नजर खाली येई, डाव्या हातावर. हात उघडा दिसला की कोणी तरी सुस्कारा सोडे आणि पुन्हा पानं वाजू लागत. त्यांच्या समोर पुस्तकं नसतच. नुसती जुनी वर्तमानपत्रं, तीही उलटायची म्हणून उलटलेली.

"काय आहे माझ्या हाताला?" एकदा बाई भर कक्षात कडाडल्या. "तोंडं शिवली आहेत का सगळ्यांची? अळीमिळी गुपचिळी खेळताय, या वयात?"

कोपऱ्यातले पोस्टमास्तर उठून उभे राहिले. निवृत्त, सज्जन, कोणाच्या अध्यातमध्यात नसणारा माणूस. पुस्तक आदल्या दिवशीच त्यांच्याकडे गेलं होतं.

"बाई, तुमचा राग खरा आहे," ते अजिजीने म्हणाले. "पण आम्ही तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही आधीच क्षमा मागितली आहे."

"मी कोणाची क्षमा मागितलेली नाही!"

"तेही आहे त्यात," पोस्टमास्तर म्हणाले आणि खाली बसले.

बाई तशाच बाहेर पडल्या. जिन्यात थांबून त्यांनी मनाशी ठरवलं की शनिवारी फळीपुढे उभं राहून सरळ सांगायचं. कार्ड माझं नाही, पुस्तक मी वाचलेलं नाही, हसायचं त्यांनी हसा. ठरवल्यावर बरं वाटलं. पण शनिवार चार दिवसांवर होता, आणि तोवर गप्प राहायला हरकत नव्हती.

५

शनिवारी त्या साडेतीनलाच आल्या. बोलायच्या आधी हाताला चाळा हवा म्हणून ग्रंथपालांच्या टेबलावर कोरी कार्डं कापत बसल्या. पट्टी धरायची, पातं ओढायचं, हे काम त्यांनी झोपेतही केलं असतं. पातं पट्टीवरून सटकलं आणि डाव्या तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी, चांगलं बोटभर चिरत गेलं.

ग्रंथपाल धावले. कपाटातून पांढरी पट्टी काढून त्यांनी हात घट्ट बांधला आणि वर पुस्तकांच्या गठ्ठ्याला मारतात तशी चौकोनी गाठ मारली. बाई पूर्ण वेळ त्यांच्यावर, पात्यावर आणि टेबलाच्या उंचीवर करवादत होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याशिवाय कोणाचाच आवाज येत नाही.

वाचनकक्षात सगळे उभे होते. डॉक्टर, पोस्टमास्तर, वकील, सगळे. कोणी घाबरलेलं दिसत नव्हतं. गाडी सुटल्यावर फलाटावरची माणसं जशी परत वळतात, तसे ते आपापल्या पिशव्या उचलू लागले.

"कुठे निघालात?" बाई म्हणाल्या. "थांबा. मला काही सांगायचं आहे."

"आम्हाला नाही सांगत तुम्ही," पोस्टमास्तर हळूच म्हणाले. "घरी सांगता. मी तुमचं पुस्तक सकाळी घरी पोचतं केलंय. धाकट्या बाईंनी निरोप पाठवला होता, ताईने एवढं नावाजलंय आणि मलाच कसं दिलं नाही म्हणून."

"रांगेत बारा नावं होती!" हे वाक्य बाईंच्या तोंडून गेलं आणि त्याची त्यांनाच लाज वाटली. पिशवी तिथेच टाकून त्या निघाल्या.

६

चारचं ऊन जिन्यात तिरपं पडलं होतं. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बाईंना धाप लागली. घरात सगळं जागच्या जागी होतं. ओट्यावर दोन कप पालथे होते आणि दोरीवरचे कपडे वाळले होते. धाकटीच्या खोलीचं दार तेवढं बंद होतं.

ते दार कधी बंद नसे. चाकं अडू नयेत म्हणून त्याचा उंबराही काढून टाकलेला होता. आणि त्या खोलीला दुसरी वाट नव्हती, एक खिडकी, तीही गजांची.

"धाकटे, दार उघड."

आत चाकं सरकली. दाराकडे नाही, मागे.

"ताई, हात कसा आहे तुझा?"

"हाताचं काय घेऊन बसलीस? उघड आधी."

"बांधलाय ना?"

आत धाकटी रडत होती, आवाज होऊ नये अशा बेताने. अकरा वर्षांत एका घरात राहून हे रडणं त्यांनी ओळखीचं करून घेतलं होतं.

"तूच सांगितलंस म्हणून वाचलं गं," धाकटी म्हणाली. "दार लावून वाच म्हणालीस, म्हणून लावलं. मला वाटलं, चांगलं असेल. तू मला कधी वाईट दिलं नाहीस."

आता बाईंना स्वतःचाच असा संताप आला की कपाळ दारावर आपटावं. एका शाबासकीसाठी, दात उपटणाऱ्या एका माणसाच्या शाबासकीसाठी!

"मी दिलं नाही. नीट ऐक, ते कार्ड माझं नाही, आणि ते पुस्तक मी वाचलेलं नाही. एक पानसुद्धा नाही. सगळ्यांपुढे खोटं बोलले मी, मोठेपणा हवा होता म्हणून. फेकून दे ते."

आत एक पान उलटल्याचा आवाज आला.

"हेच म्हणतेस तू," धाकटी म्हणाली. "अगदी असंच. दात उपटणाऱ्या माणसाचंसुद्धा आहे, पण ते मनात."

बाईंनी दाराची कडी धरली होती. ती त्यांनी सोडली.

"आणि मग काय करते मी?"

"मग तू आत येतेस. ताई, तू येऊ नकोस ना! त्यातली तू येतेस. तू खरी आहेस ना? मग बाहेरच थांब."

"येते म्हणजे? कोण मला सांगणार मी काय करते ते?" बाई गरजल्या. कुठलं तरी बेवारशी पुस्तक, ज्याला धड पहिलं पान नाही, ते आपल्याला चालवणार? "ही बघ, खुर्ची ओढली. ही बसले. आता इथून हलले तर नाव बदलीन. तू पुस्तक मिट आणि माझ्याशी बोलत राहा."

७

त्या ठाण मांडून बसल्या, दोन्ही हात मांडीवर, नजर दारावर.

"बसलीस?" आतून आवाज आला.

"बसले."

थोड्या वेळाने पुन्हा. "अजून आहेस बाहेर?"

"अजून आहे. आणि उद्यापर्यंत बसेन, मला काय काम आहे?"

धाकटी रडता रडता जरा हसली. बाईंना ते हसू ऐकून इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. चुकतं पुस्तक, हे त्यांना कळलं. छापलेलं सगळं खरं असतं तर चौतीस वर्षं त्यांना पगार कशाला मिळाला असता?

"ताई, दीड पान राहिलंय फक्त."

"वाचू नकोस!"

"बघू दे ना, तू थांबल्यावर काय होतं ते."

"धाकटे, मिट ते! ऐकतेस ना?"

पान उलटलं. मग काहीच नाही, चाकंही नाहीत. बाहेर दार तसंच लागलेलं होतं, बाई खुर्चीत होत्या, हात मांडीवर होते. त्यांनी मुद्दाम ते बघून घेतलं.

"अगं," आत धाकटी म्हणाली. "तू आत कशी आलीस?"

बाई खुर्चीवरून खाली आल्या त्या गुडघ्यांवरच. काढलेल्या उंबऱ्याच्या जागी दोन बोटांची फट होती. त्यांनी गाल फरशीला लावला. खिडकीतलं ऊन आत पसरलं होतं. खुर्चीची चाकं दिसली, पुस्तक खाली पडलेलं दिसलं आणि चाकांशेजारी दोन पावलं दिसली. करड्या सपाता, उजवीचा पट्टा दोऱ्याने शिवलेला. त्याच सपाता बाईंच्या पायांत होत्या. मग वरून एक हात आला आणि त्याने पुस्तक उचललं. डावा हात होता. पांढरी पट्टी, चौकोनी गाठ.

"ती मी नाही!" बाईंनी दारावर मुठी मारल्या. जखम उसवली, पट्टीतून रक्त आलं, त्या मारतच राहिल्या. "धाकटे, ती मी नाही! मी इथे आहे! मी बाहेर आहे!"

आत कोणी तरी पलंगाच्या कडेला बसलं. पलंग बाईंच्या वजनाइतकाच करकरला.

"बाहेर कोण ओरडतंय गं, ताई?" धाकटीने विचारलं. तिच्या आवाजात भीती नव्हती.

उत्तर आलं ते बाईंच्याच आवाजात, नाकावरच्या त्याच रागाने.

"कोणी नाही. असतं एकेक, न वाचता बोलणारं."